हॉर्न तेवढा तुमचाच

बाबा,

तीर्थरूप वगैरे लिहिणार नाही, आणि हे पाठवणारही नाही.

आईला टाकून ज्या मोटारसायकलवरून गेलात, ती भंगारवाल्याकडे सापडली. स्वस्तात घेतली. क्लचप्लेट, चेन, कार्बोरेटर, सगळं बदललं. हॉर्न तेवढा तुमचाच ठेवला. आई अजून तुमचं ताट आधी वाढते, मग माझं. म्हटलं, मोडू दे एकदाची खोड.

रोज संध्याकाळी कोपऱ्यावर एकदा हॉर्न देतो. ती केस सारखे करत दारात येते आणि मला बघून तिचा चेहरा पडतो.

काल मात्र आली नाही. आतूनच म्हणाली, "आलास का रे?"

सुटली बिचारी, असं वाटलं.

मग तुमच्यासारखा लागोपाठ दोनदा वाजवला. धावत आली.

तुमच्यावर गेलेला,
मुलगा