टेकडीवरून दिसलेली बोट

प्रिय एइकिची,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. न वाचता फेकून द्यावंसं वाटेल, पण फेकू नकोस. नुकसान तुझंच होईल.

इकडे देवमासे आलेत. यंदा हंपबॅकच्या माद्या जरा लवकरच उतरल्या, आणि बेटाच्या दक्षिणेला पिल्लं घेऊन पहुडल्या आहेत. नाहाहून सकाळची फेरीबोट लागली की धक्का पाहुण्यांनी भरून जातो. मी अजून टेकडीवरच आहे. दुर्बिणीतून फवारा शोधायचा आणि वायरलेसवरून बोटींना दिशा सांगायची, तेच काम. गुडघे कुरकुरतात, डोळे मात्र शाबूत आहेत. धक्क्यावर गोल गोड अंदागी तळणारी कामेआजी गेली. आता तिची सून तळते, पण आतून कच्च्या राहतात. तोकुजीला त्या फार आवडायच्या. तू त्याच्या वाटणीच्या पळवायचास आणि माझा हा भाऊ हसून म्हणायचा, होणाऱ्या मेहुण्याला एवढं माफ.

पुढचं माफ करायला तो उरला नाही.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. तुझ्या बोटीवरच्या टोकियोच्या पाहुण्यांना पिल्लू अगदी जवळून बघायचं होतं. तोकुजी नियमाप्रमाणे इंजिन बंद करून लांब थांबला होता. तू आई आणि पिल्लाच्या मधून बोट घातलीस. मादी बिथरली आणि वळली ती त्याच्याच दिशेने. शेपटीच्या एका तडाख्यात त्याची बोट उलटली. त्याच्या पाहुण्यांना इतरांनी उचललं, तो खाली अडकून राहिला. हे सगळं मी दुर्बिणीतून पाहिलं. वायरलेसवर तुझ्या नावाने ओरडत होते, तू उत्तर दिलं नाहीस.

चौकशीत तू सांगितलंस की मध्ये घुसला तो तोकुजी. दोन्ही बोटींचे पाहुणे तोवर विमानाने परत गेले होते, त्यांना कोणी विचारलंच नाही. मी उभी राहून पाहिलेलं सगळं सांगितलं. तेव्हा माझ्याकडे न बघता तू म्हणालास, “पावसात, इतक्या लांबून, कुठली बोट कोणाची हे कोणालाच सांगता येणार नाही. बहीण आहे ती, तिला तसं दिसलं असेल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या आईने त्यानंतर मरेपर्यंत बाजारात कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. लग्नासाठी शिवलेला किमोनो मी तुझ्या दारात ठेवून आले, तोही तू कोणालातरी देऊन टाकलास.

मी काम सोडेन असं तुला वाटलं होतं. पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी तू वायरलेसवर विचारलंस, “मिसाओ, मी कुठल्या बाजूला जाऊ?” मी म्हणाले, “कोण बोलतंय? माफ करा, इतक्या लांबून तुमची बोट ओळखता येत नाही.”

सगळ्या बोटी ऐकत होत्या. मग रोज तेच, रोज त्याच आदबीने. बाकीच्यांना मात्र मी शेपटीखालचे पांढरे डाग बघून कोणती मादी कोणती तेही सांगत होते. तू बोटवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांकडे तक्रार केलीस. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि हवामानाच्या गप्पा मारून परत पाठवलं. त्यांना कळायचं ते कळलं होतं, फक्त तोंडाने म्हणवत नव्हतं. तू दुसऱ्यांच्या मागे मागे जायला लागलास, तर तेही तू दिसलास की बोट वळवू लागले. पाहुणे तुझ्या बोटीतून नुसता समुद्र बघून यायचे. शेवटी बोट विकून तू नाहाला गेलास, तेव्हा फेरी दिसेनाशी होईपर्यंत मी टेकडीवर उभी होते. रडू येईल असं वाटलं होतं. उलट सपाटून भूक लागली.

तेवढ्यावर मिटलं असं तू समजला असशील. मीही समजले होते. मग इतक्या वर्षांनी, या हिवाळ्यात एक मुलगी टेकडीवर चढून आली. खाली खानावळीत वाढते, म्हणाली, पण हे काम शिकायचंय. आडनाव आईचं सांगितलं, तरी हसताना तुझ्यासारखी एक भुवई वर गेली आणि मी ओळखलं. हाकलून द्यावं असं मनात आलं. त्याऐवजी मी तिला दुर्बीण दिली. एइकिची, तुझ्या हारुनाची नजर माझ्यापेक्षा तेज आहे.

काल बारीक पाऊस होता. ती दुर्बिणीला डोळा लावून एकेक बोट नावानिशी सांगत गेली, एकही चुकली नाही. मग तिने दुर्बीण खाली घेतली. माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, बाबा म्हणतात पावसात इथून बोटी ओळखताच येत नाहीत. तरी कोणा बाईने इथूनच पाहिलं म्हणत त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता.” मी म्हणाले, “ती बाई मी.” याहून एक अक्षर जास्त बोलले नाही. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

शनिवारच्या फेरीने ती तुझ्याकडे येते आहे, विचारायला. पत्र तिच्या आधी पोचावं म्हणून आज घाईने टाकते आहे, कारण तू बेसावध सापडावास असं मला वाटत नाही. तू नीट विचार करून, ठरवून उत्तर द्यावंस. खरं सांगितलंस तर कदाचित ती तुझी मुलगी राहील. खोटं सांगितलंस तर तिला ते तिथेच, तुझ्या तोंडाकडे बघूनच कळेल, आणि ती माझ्याकडे परत येईल. तिच्यासाठी खोली झाडून ठेवली आहे. तू खोटंच बोलावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुझीच होता होता वाचलेली,
मिसाओ