फीत धरणाऱ्या पाहुण्यांचा इतिहास

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचे बी.पी. आता आटोक्यात असेल. ताईचा खोकला थांबला का? (नसेल तर तिला बोलू देऊ नका, म्हणजे दोघांनाही आराम.) इकडे सगळे ठीक आहे, फक्त मी इतिहासकार झालो आहे. आमच्या शहराच्या वार्षिक मॅरेथॉनची स्मरणिका निघते आहे, आणि पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या शर्यती पाहिलेला माणूस म्हणून मी हाती लागलो. बाकीचे पळत होते तेव्हा मी खुर्च्या मांडत होतो. डोक्यावरून खुर्च्या वाहणारा मी आज त्या भाड्याने देतो, पण मंचामागे उभे राहून कान टवकारायची सवय सुटलेली नाही.

तर पहिल्या वर्षी सगळ्यांत पुढे होता एक पोस्टमन. तो कोपऱ्यावर दिसला आणि मंचावर धावपळ उडाली, कारण शेवटची फीत धरायची प्रमुख पाहुण्यांनी, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही! अध्यक्ष माईकवर ओरडले, "अरे, चौकाला एक चक्कर मारून ये!" बिचाऱ्याने तीन मारल्या. कसे वाटतेय विचारले तर म्हणाला, "दार उघडेपर्यंत बेल वाजवायची सवय आहे."

तेव्हापासून हीच रीत पडली. जगभर मॅरेथॉन एकाच लांबीची, आमची मात्र पाहुण्यांच्या सवडीची. एका साली पाहुणे आलेच नाहीत. अंधार पडल्यावर सगळे पळत पळत आपापल्या घरी गेले. त्या वर्षीचा विजेता अजून ठरायचा आहे. मी एकदा सुचवले, फीत दुसऱ्या कुणी धरली तर? अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग फोटोत कोण येणार?" आता तर प्रशिक्षक मंडळी सांगतात की त्या चकरांनी पळणाऱ्याचा कस लागतो. (कस लागतो खरा, पण खुर्चीवर बसून पाहणाऱ्याचा.)

हे सगळे हसण्यावारी नेले असते, पण आमची धाकटी पळते. निवड समितीच्या बाई रेषेपाशी घड्याळ घेऊन बसतात आणि फीत तुटेपर्यंत ते थांबवत नाहीत. ठरल्या वेळेत आली तर राज्याच्या संघात जागा. गेल्या वर्षी पोरगी वेळेत पोचली होती, पाहुणे पोचले नव्हते. चौकात चकरा मारताना तिने माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्चीमागे लपलो. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची.

ताईला सांभाळा, म्हणजे तीही तुम्हाला सांभाळेल.

तुमचा
मेहुणा

ता.क. यंदाचे प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्षांना मी तुमचे नाव सुचवले आहे. तुम्ही स्वतःच्या लग्नातही ताईला तासभर ताटकळत ठेवले होते, हे त्यांना सांगितलेले नाही. कृपा करून वेळेवर या.

ता.क. दुसरे : असेच पत्र तुमच्या व्याह्यांनाही टाकले आहे. मंचावर मधली खुर्ची एकच मांडणार आहे. जो आधी बसेल, फीत त्याच्या हाती. ते आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार असे कळते. (त्यांनाही तुमच्याबद्दल असेच कळले आहे.)