कूपेचं काय करायचं

प्रिय मावशी,

पत्र बघून आधी तुम्ही चष्मा शोधाल आणि मग म्हणाल, या भिंगऱ्याच्या फोनला काय धाड भरलीये. फोन धडधाकट आहे, मीही आहे. गाडीचं विचारायचंय आणि ते जरा लांबण आहे, म्हणून लिहायला बसलो. पाच वर्षांपूर्वी किल्ली हातात देण्याआधी तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की ही लाल, दोन दारांची कूपे काढून टाकायची वेळ आली तर आधी तुम्हाला सांगायचं. मी तेव्हा बावीसचा, मान डोलवण्यात पटाईत. आता ती वेळ आलीये असं सगळेच म्हणतात. शोरूमच्या बाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिलीये. कूपे त्यांना द्यायची आणि बदल्यात चार दारांची, उंच, पांढरी, बॅटरीवर चालणारी गाडी घेऊन यायची. गाडी तशी चांगली आहे. फक्त तिच्याकडे बघून कुणाला शीळ घालावीशी वाटणार नाही.

हे मी एका रिकाम्या घराच्या फरशीवर बसून लिहितोय. पडद्यांची मापं घ्यायला आलोय, आणि घराची मालकीण 'दहा मिनिटांत पोचते' म्हणाली त्याला तास होऊन गेला. अकरा खिडक्या आहेत. नऊ मोजून झाल्या, उरलेल्या दोन कुलपाच्या खोलीत. दुपारचं ऊन आत आलंय आणि इतकं हळू सरकतंय, की मघाशी पेन ठेवून एक अख्खी फरशी उन्हातून बाहेर पडेपर्यंत मी नुसता बघत बसलो. रिकाम्या घरांत माझं असंच होतं. पडदे नसले की घर नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसतं, तोंड न धुतलेलं. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी मला अशा खिडकीचं माप घ्यायला लावलं, जी उघडली की हातभरावर शेजारची भिंत. म्हटलं, आजोबा, इथे पडदा कशाला, बघणार कोण? म्हणाले, "अरे, भिंत बघते ना." मी मुकाट्याने टेप लावला. नंतर दोन दिवस मला भिंतींसमोर जरा नीट वागावंसं वाटत होतं. पण मी गाडीचं सांगत होतो.

पहिली अडचण पडद्यांच्या रॉडची. आठ फुटी रॉड त्या बुटक्या गाडीत कसे न्यायचे? डिकीतून आत घालायचे, मागची नावापुरती सीट पाडायची, पुढची माझ्या शेजारची सीट झोपवायची, आणि टोकं समोरच्या काचेला लागू नयेत म्हणून टॉवेल गुंडाळायचा. म्हणजे पाच वर्षं माझ्या शेजारी रॉडच बसत आलेत. दुकानाचे मालक विचारतात, "तू मापं घ्यायला जातोस का भालाफेकीला?" ते मला कायम ठेवायला तयार आहेत. आज या गावच्या दुकानाचं, उद्या त्या गावच्या दुकानाचं असं न करता, एकाच दुकानाचा माणूस. अट एवढीच, की गाडी शहाणी हवी. नमुन्यांची पुस्तकं भिजता कामा नयेत आणि दार आतून दोरीने बांधलेलं असता कामा नये. दोरीचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कडी गेल्या थंडीत तुटली.

मेकॅनिकने तर हात टेकलेत. सेकंड गियर टाकताना जी करकर व्हायची ती आता थर्डलाही होते, तेल गळतं, आणि जो भाग बदलायला हवा तो बनायचाच बंद झालाय. "तू गाडी चालवत नाहीस," तो म्हणतो, "तिची सेवा करतोस." पण हाच माणूस मागे तुमचा विषय निघाला की पाना खाली ठेवायचा. पहिल्यांदा मी त्याला सांगितलं, की गाडीची आधीची मालकीण फोनवर आवाज ऐकून म्हणाली, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातंय, तेव्हा तो फिदीफिदी हसला होता. पंप खोलला, तर बेअरिंगच गेलेलं. त्यानंतर गाडी आत घेतानाच विचारायला लागला, "बाई काय म्हणतात?"

मग त्याला तुमच्या कारखान्याचं सांगितलं. मला ते सांगायला फार आवडतं, म्हणून तुम्हालाच परत सांगतो. एकतीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात, सगळ्यात आतल्या खोलीत, जिच्या भिंतींना बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून लोकरीचा जाड नमदा ठोकलेला होता, तिथे तुमची खुर्ची. समोर पंखा यायचा, तो एक मिनिट चालवायचा, डोळे मिटून ऐकायचा, आणि खडूने बरोबरची खूण नाही तर फुली. दिवसाला तीनशे. घरात मात्र तुम्ही कधी पंखा लावला नाहीत, भर उन्हाळ्यातही नाही. मी कधीकधी ती खोली डोळ्यांपुढे आणतो. बाहेर यंत्रांचा एवढा कल्ला, आणि आत एक बाई डोळे मिटून, चेहऱ्यावर वारा घेत बसलीये. निवृत्त झालात तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, एखादी शहाणी गाडी घे. तुम्ही दोन दारांची ही घेऊन आलात, का तर मागे बसणारे सूचना फार देतात. नऊ वर्षांनी डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला, क्लच दाबवेना. मी तुमच्याकडे एका खिडकीचं माप घ्यायला आलो होतो आणि जाताना गाडी घेऊन गेलो. घरी कळवलं तर आई म्हणाली, "याला एक काम धड सांगावं तर." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. माझ्या बाबतीत ती बरीच वाक्यं सोडून देते.

पहिल्याच महिन्यात गाडी चढावर खडखडायला लागली आणि मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "बडबड थांबव आणि फोन बॉनेटपाशी धर." तेव्हापासून दर रविवारी साडेदहाला तुमचा फोन. मी असेन तिथे गाडी बाजूला घेतो, इंजिन चालू ठेवतो, बॉनेट उघडून फोन धरतो. तुम्ही एक मिनिट ऐकता, अगदी पंख्यासारखं. मग निकाल. मग इंजिन बंद, आणि मी कुठे आहे, जेवतोय का वेळेवर, केस कापलेत का. समुद्राकाठी झालंय हे, खेळाच्या मैदानामागे झालंय, एकदा पुलाखाली, तिथे एक बाई थांबून मला म्हणाल्या, "तिला म्हणावं लवकर बरी हो." मावशी, रविवारी सकाळी मी कुठल्या गावात आहे हे जगात एकाच माणसाला माहीत असतं. आईला मी महिन्याभराने सांगतो, तेही जरा सुधारून.

काल ती पांढरी चालवून बघितली. नदीकाठच्या रस्त्याने, शोरूमच्या बाई शेजारी. गाडी सुरू कधी झाली तेच कळलं नाही. झाडं आपणहून मागे निघाली. चाकांखाली पानं चुरडल्याचं ऐकू येत होतं, नदीवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारली ती ऐकू आली, आणि बाईंच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. ती त्यांनाही ऐकू आली असावी, कारण त्यांनी घाईने रेडिओ लावला. मी म्हटलं, राहू द्या ना. मग आम्ही तसेच गेलो, पाण्यावर होडी सोडून द्यावी तसे. धुकं उतरत होतं. रस्ता संपूच नये असं वाटत होतं, आणि बाई "आता वळवू या का" असं तीनदा म्हणाल्या. इतकं छान चाललं होतं, आणि एकदम मनात आलं, की रविवारी मी फोन कुठे धरणार? शोरूममध्ये परतल्यावर सही करायला पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं आणि शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मालकांना सांगितलं रंग ठरत नाहीये. रंग एकच आहे, पांढरा.

आता जे लिहायला एवढे कागद लागले ते लिहितो. गेल्या रविवारी मी एका टेकडीवर होतो. साडेदहाला किल्ली फिरवली तर काहीच नाही, कूपेची बॅटरी बसलेली. तेवढ्यात तुमचा फोन वाजला, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हं, धर." मी सवयीने बॉनेट उघडलं आणि फोन धरला. वारासुद्धा नव्हता. पूर्ण एक मिनिट आपण दोघं काहीच ऐकत नव्हतो. मग तुम्ही म्हणालात, "झकास चाललीये. गेल्या वेळेपेक्षा मऊ." मी म्हटलं, बरं मावशी. फोन ठेवल्यावर एकेक आठवायला लागलं. मी विचारलेलं एक आणि तुम्ही उत्तर दिलेलं भलतंच, ते मी रेंजवर ढकललं होतं. मे महिन्यात तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात आणि दोन दिवसांनी मेकॅनिकने कान झाकून घेतले होते, तेही मी कुणाला बोललो नव्हतो. कधीपासून ऐकू येत नाहीये, ते विचारत नाही. तरी दर रविवारी साडेदहाला तुमचा फोन यायचा. म्हणजे तुम्हालाही इंजिनाशी फारसं देणंघेणं राहिलं नव्हतं. हे फोनवर सांगितलं असतं तर मला ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात. म्हणून पत्र. आणि मी विचारायला बसलो होतो खरा, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मी सांगतोय. शनिवारी सही करतो. रविवारी फोन करू नका, साडेदहाला मी तुमच्या दारात असेन. नव्या गाडीची सीट खुर्चीएवढी उंच आहे, गुडघा फार वाकवावा लागणार नाही. तिच्यात ऐकायला काहीच नाही, मावशी. मलाही नाही. तुम्ही नुसतं शेजारी बसायचं आणि हाताने दाखवायचं, कुठे वळायचं ते.

तुमचाच,
भिंगऱ्या