दारामागची चार बोटं

४ जुलै, शुक्र.
आजही वडिलांची, अप्पांची वही उघडली नाही. जेवण झाल्यावर बसणार होतो. बसलोही. पण आधी फोन लावला, चि. पाहिला. (चि. म्हणजे गुप्तहेराचा चित्रपट. पूर्ण शब्द लिहायची लाज वाटते. या घरात देवनागरी वाचणारा मी एकटा. मग लाज कोणाची?)
तमिळ, पन्नासेक वर्षांपूर्वीचा. हेर काळा चष्मा लावून विहिरीत उतरतो. खाली अड्डा. भिंतभर लाल-हिरवे दिवे, फिरती खुर्ची. खलनायक टाळी वाजवतो, पोलादी दार आपोआप उघडतं. दाराच्या कडेला चार बोटं दिसतात, मागून ढकलणाऱ्याची. तेवढंच तीनदा मागे नेऊन पाहिलं. एकटाच हसलो.

७ जुलै
तिरुवैयारुहून अक्काचा फोन. घरामागच्या पाटाला पाणी आलं म्हणे. दिसत नाही, आवाजावरून कळतं. तिचे डोळे जवळजवळ गेलेच.
"कुठवर आलास?"
अर्ध्यावर, म्हणालो. एक ओळ झालेली नाही.
काम ते केवढं! वहीतल्या कविता तमिळ अक्षरांत उतरवायच्या, मराठी तशीच ठेवून. अप्पांनी शिकवणीच्या मुलांसाठी केलेल्या. त्यांच्या तिथीला पंगत उठली की सगळ्यांनी मिळून त्यातली 'पाट' ही कविता म्हणायची, ही आमच्या घरची रीत. यंदा माझी नात मीरा म्हणणार. शाळा तमिळ, त्यामुळे घरात ऐकून मराठी कळतं, लिपी येत नाही. तिथी २० ला.
सकाळपासून जिभेवर तेच कडवं —
चाल चाल रे पाटा बाळा,
आई काठी उभी असे;
वळुनि मागे पाहु नको रे,
पाठीवरती दृष्टी असे.
अप्पा 'उभी असे' म्हणताना थांबत. तो थांबा तमिळ अक्षरांत कसा लिहायचा?
दुपारी चि. पाहिला.

११ जुलै
आजच्यात परदेश. मागे नारळीची झाडं, आणि म्हशी. हेराच्या बुटात टेलिफोन. एकच लाल मोटार दोनदा दरीत पडली, दुसऱ्यांदा फिल्मचं डावं-उजवं उलटून.
हे का आवडतं? खोटं इतकं उघड की कोणी फसतच नाही. शिवाय लहानपणी गावात येणाऱ्या सिनेमाच्या तंबूची आठवण. पाठांतराला जातो सांगून वाळूत बसून पाहिलेली चित्रं. मिशी सुटली की सगळा तंबू ओरडायचा. घरी आलो की अक्का विहिरीपाशी गाठून सदऱ्याची वाळू झटकायची. अप्पांना कधी कळलं नाही.
किंवा कळलं असेल.
उद्यापासून नक्की.

१४ जुलै
काय लिहू.
गेले दहा-बारा दिवस फोन उभा राहावा म्हणून मागे वही लावत होतो. अप्पांचीच वही. तिची जाडी बरोबर बसते. खिडकीचं ऊन, शेजारी कॉफीची वाफ. आज उघडली. 'पाट'चं पान खालून तुटून गेलेलं. तीन कडवी आहेत, चौथं नाही. मेजाखाली शोधलं. सूनबाईला विचारलं.
"पिवळे तुकडे? पूच्चि लागलेला कागद वाटला, मामंजी. परवाच केरात टाकले. काही होतं का त्यात?"
"काही नाही," म्हणालो. तिची काय चूक? तिला ती अक्षरं म्हणजे किड्याने कुरतडलेलंच. सांगायला मी होतो. मी चष्मेवाल्याला पाहत होतो.

१५ जुलै
चौथं कडवं आठवत नाही. शेतातच संपतं, एवढं नक्की. शेवटी 'रात' होतं की 'हात'? पन्नास वर्षं दरसाल म्हटलं, पण सगळ्यांबरोबर. एकट्याने म्हणायला गेलो की जागा रिकामी.
अक्काला विचारावं तर सगळंच सांगावं लागेल.

१७ जुलै
अक्काचाच फोन. म्हणाली, हल्ली शेवटचं कडवं निसटतं रे, वाच की जरा. वही उघडी आहे ना?
आहे, म्हणालो. उघडी होतीच. आणि वाचल्यासारखं म्हटलं —
दार उघडले आपोआप ते,
पाणी शिरले शेतात;
हिरवे हिरवे हसू उमटले
भाताच्या त्या पात्यांत.
कुठून आलं कोण जाणे. म्हणताना आवाज अप्पांसारखाच झाला, त्याची जास्त भीती वाटली. पलीकडून एवढंच, "हं."
संध्याकाळी चारही कडवी तमिळ अक्षरांत उतरवली. सुबक आली आहेत. फोन कपाटात ठेवला.

२० जुलै, रवि. तिथी.
सगळे आले. पंगत उठल्यावर मीराने कागद घेऊन कविता म्हटली. एकही अडखळ नाही. चौथ्याला सगळ्यांनी तिच्यामागून साथ धरली, जणू नेहमीचंच. मुलगा म्हणाला, बरं झालं बाबा, आता हे हरवायचं नाही.
फक्त अक्काचे ओठ हलले नाहीत. आधीची तीन म्हणत होती.
निघताना अक्का माझा हात धरून दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसली. म्हणाली, "पाटाचं दार आपोआप उघडतं होय रे? आमच्या मागच्या दाराला अजून माणूस लागतो. दोन्ही हातांनी चाक फिरवतो, तेव्हा पाणी येतं. अप्पा रोज बघायचे."
मी म्हणालो, कवितेत चालतं.
"अप्पांच्या नाही." मग माझ्या बाहीवरून हात फिरवला, झटकल्यासारखा. "वाळू असली तर मला आता दिसत नाही, अप्पू. उद्या वही घेऊन तिकडे ये, इथे सगळ्यांत नको. पान हाताने बघते."

२१ जुलै, पहाटे.
'हात' होतं. शेवटी कोणाचे तरी हात होते, दारावर. ओळ अजून येत नाही.
फोन कपाटातच. वही पिशवीत घातली, मग काढली, पंच्यात गुंडाळून परत घातली. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. डोळे मिटूनही लगेच कळतं.
सूनबाईने विचारलं, एवढ्या लवकर कुठे. तिरुवैयारु, म्हणालो. सहाची बस.