आबांची पंगत

आबा,

आज कर्जतच्या बाजारात पनवेलकडचा एक मुसलमान व्यापारी निरफणस घेऊन बसला होता. मी एक घेतला आणि घरी येऊन निखाऱ्यात भाजला, तुम्ही भाजायचात तसाच, साल काळी ठिक्कर पडेपर्यंत. घरातल्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. मला लिहायला येतं हे तुम्हाला ठाऊक नाही. माझे यजमान शाळामास्तर, त्यांनी लग्नानंतर शिकवलं.

तुम्ही मुंबईच्या गोदीतून जहाजावर खलाशांचा स्वयंपाकी म्हणून चढलात तेव्हा मी पाळण्यात होते. पुढं तापानं फणफणलात, तर कप्तानानं तुम्हाला एका लहानशा बेटावर उतरवून दिलं. सेंट लुशिया त्याचं नाव. ते आमच्या तोंडी कधी बसलं नाही, आम्ही नुसतं बेट म्हणायचो. तुम्ही परत आलात तेव्हा मी परकर नेसत होते. समुद्र ओलांडला म्हणून तुमची जात गेलेली, त्यामुळं मुक्काम पडवीत. तिथं बसून तुम्ही सांगायचात, की तिकडं उसाचे मळे आहेत, डोंगर माथेरानएवढे पण थेट पाण्यात उतरलेले. निरफणस निखाऱ्यात भाजून, कच्ची केळी उकडून खारवलेल्या माशाबरोबर खातात. सकाळी कोकोचं बी वाटून, दालचिनी घालून उकळतात आणि पितात. तापात वाटेवर पडला होतात, तेव्हा एका काळ्या म्हातारीनं तुम्हाला घरी नेऊन आपल्या मडक्यातलं भरवलं. "जात सोड गं, तिनं माजं नावबी इचारलं नाय," तुम्ही म्हणायचात. "तिकडं मडक्याचं झाकण काढलं की समोर दिसंल त्याला हाक मारायची. नाय मारली तर घराला कमीपणा."

मग तुमचं प्रायश्चित्त झालं, पंचगव्य झालं, राहिलं फक्त जातभोजन. अंगणात पंगत बसली आहे. भात, वालाचं बिरडं, खीर. तुम्ही पंचांच्या शेजारी पानावर बसला आहात आणि आई दाराआड डोळे पुसते आहे. सगळ्यांबरोबर एक घास घेतला की तुम्ही घरात येणार. तेवढ्यात तुमची नजर आंब्याखाली जाते. पत्रावळी आणून देणारा म्हातारा कातकरी तिथं उरलंसुरलं मिळेल म्हणून थांबलेला. तुम्ही हात हलवून ओरडता, "ये रं बाबा, बस हितं. जागा हाय!" तो बिचारा घाबरून पळाला. पाठोपाठ पंगतही उठली.

संध्याकाळी थोरले पंच आले. "चुकलं म्हण, मिटवून टाकू," म्हणाले. काकांनी तुमचे पाय धरले. तुम्ही म्हणालात, "हाक मारली ती मारली. चुकलं कसं म्हणू? मीबी तसाच पडलो व्हतो."

तुमचा अभिमान वाटायला हवा, असं यजमान म्हणतात. वाटतोही. पण आबा, राग त्याहून जास्त येतो. एक शब्द तर होता! तो म्हटला असतात तर आई जन्मभर तुम्हाला वरून, हात न लागू देता वाढत राहिली नसती. माझं कन्यादान काकांनी केलं. तुम्ही गावात दिसलात तर वऱ्हाड जेवणार नाही, असं व्याह्यांनी कळवलं होतं. लग्नाच्या दिवशी पहाटे माथेरानच्या हॉटेलात कामाला निघताना तुम्ही मला म्हणालात, "डोंगरावर साहेबांचं मोठं जेवण हाय गं पोरी, मला जायालाच लागंल." तुम्हाला धड खोटंही बोलता येत नव्हतं.

तुम्ही गेलात, मग भटजींनी मेलेल्या माणसासाठीही प्रायश्चित्त असतं असं सांगितलं, आणि तेराव्याला सगळी भावकी जेवायला आली. तेच पंच. मी वाढत होते. खीर मागून मागून घेतली त्यांनी. "बरा होता हो माणूस," म्हणाले. कुणीही पानावरून उठलं नाही.

हे पत्र यजमानांनाही दाखवणार नाही, उद्या चुलीत घालीन. आजोबा कसे होते असं मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना तुमचा आवाज सांगते, चालणं सांगते. पण जेवताना तुम्ही कसे दिसायचात, हे मला माहीत नाही. आम्हाला अवघडायला नको म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. मी फक्त तुमची पाठ पाहिली आहे.