पन्नास मीटर

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

ताईचं दिल्लीत ऑपरेशन आहे. अकरा वर्षं ती आणि आबा बोलले नाहीत, आता आबांना जायचंच आहे. त्यांचा घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात चालत नाही. विमानवाले स्वतःचा देतात, पण डॉक्टरांनी फॉर्म भरून द्यावा लागतो. म्हणून आज आबांना घेऊन राजारामपुरीत डॉक्टरांकडे गेलो.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, न थांबता पन्नास मीटर चालता येतं का? आबा म्हणाले, "व्हय की! लिवा." डॉक्टरांनी चालायला लावलं. आबा मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मीच डॉक्टरांना म्हणालो, त्यांना दम लागलाय. का बोललो? डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं, प्रवासभर ऑक्सिजन.

रिक्षात आबा तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पन्नास मीटर म्हणजे आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंतसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच ताईला फोन लावला. "सुमे, येतोय. नाकात नळी आसंल. बघून रडायचं न्हाय."

मग तिचं ऐकत उभे होते. मी मागं खुर्ची सरकवली. फोन कानाला तसाच धरून बसले.