फादरांच्या चर्चची तिरकी भिंत

९ फेब्रुवारी १९९३, सकाळी ७.१०
दारात बसून फळीला रंधा मारत होतो. बाबा म्हणाले, "मिल बंद झाली, आता चर्च उघडतोय का?" हसलो. इथल्या मिशनच्या शाळेतले म्हातारे फादर (पुढे फा.) इटलीचे. त्यांच्या गावच्या नऊशे वर्षं जुन्या चर्चचं लाकडी मॉडेल हवंय. बांधणीचं नाव 'रोमनेस्क', दोनदा विचारून लिहिलं. नीट जमलं तर शाळेत सुतारकाम शिकवायला माझं नाव सुचवणार. मी आठवी पास.

१४ फेब्रु.
खांब जमले. भंगारातून आणलेल्या, बाबांच्या मिलच्या बारा बॉबिन (सूत गुंडाळायच्या लाकडी रिळी), बुटक्या, जाड. वर गोल कमानी. बाबांनी एक बॉबिन हुंगली, मग स्वतःच घासायला बसले.
फा.नी हातानं काढलेल्या नकाशात उत्तरेची भिंत तिरकी आहे. वय झालं, हात हलला असणार. गुण्या लावून सरळ केली.

२० फेब्रु.
सायकलवर बांधून नेलं. फा. बघत राहिले, मग खोकला येईपर्यंत हसले. आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाले, "अरे भिया, तुमने तो हमारा चर्च सीधा कर दिया!"
मग सांगितलं, त्या चर्चच्या खाली आणखी एक चर्च आहे. सातशे वर्षं आधीचं, पहिल्या ख्रिस्ती लोकांचं, एका खोलीएवढं. थडगी, बाप्तिस्म्याचा हौद. वरचं बांधणाऱ्यांनी त्याच्याच पायावर भिंत चढवली. पाया तिरका, म्हणून भिंत तिरकी. "हम बच्चे मोमबत्ती लेके नीचे उतरते थे."
"फिर से बनाऊँ?"
"बनाओगे?" लगेच खुर्ची पुढे ओढली.

२१ फेब्रु.
भिंत उखडली. खालचं चर्चही करणार, वरची फरशी उचलली की दिसेल असं. कुणी सांगितलं नाही, माझंच डोकं! बाबा: "हौद मी करतो. रंगखात्यात तीस साल हौदच पाहिले."

२ मार्च
मॉडेल शाळेत नेलं. फा.नी फरशी उचलली. हौदात बोट घालून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मग पोरं तुटून पडली. "सर, मैं उठाऊँ? सर!"
सर म्हणजे मी. कळायला वेळ लागला.
प्राचार्य म्हणाले, आठवी पास कसा चालेल, कमिटीला विचारावं लागेल. फा. म्हणाले, "ज़रूर पूछिए. तब तक ये सोमवार से आएँगे."
घरी सांगितलं. बाबा: "तब तक म्हणजे कधीपर्यंत? पगार किती?"
विचारायचंच राहिलं.
"धन्य हो, मास्तरजी!"
सोमवार, आठ वाजता. पोरं चाळीस, करवती दोन. कोण कधी कापणार ते आखत बसलोय.